ओझोन थराचा ऱ्हास : मानवी आरोग्य व पर्यावरणावरील परिणाम (वऱ्हाडच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

ओझोन थराचा ऱ्हास हा विषय आता महाविद्यालयीन अभ्यासक्रमाला नवा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास हा विषय अनिवार्य झाल्यापासून कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांचा विद्यार्थी या विषयावरील एक प्रकरण वाचतो, त्यावर प्रकल्प लिहितो आणि परीक्षेत टीपही लिहितो. तथापि ओझोनच्या थराला छिद्र पडल्यामुळे विदर्भाचा उन्हाळा तीव्र झाला आहे, अशा आशयाचे विधान प्रकल्पांतून आणि भाषणांतून सर्रास आढळते. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जाणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नसल्यामुळे हे विधान ऐकणाऱ्यास पटतेही. शास्त्रीयदृष्ट्या मात्र ते टिकत नाही.

चूक केवळ गुण कापण्यापुरती असती तर तिच्यासाठी स्वतंत्र लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु निदान चुकले की उपचारही चुकतो. उष्णता आणि अतिनील किरणे ही एकच बाब समजणारा मनुष्य मे महिन्यात डोके झाकतो आणि ऑक्टोबर महिन्यात कापूस वेचताना उघड्या डोळ्यांनी उन्हात उभा राहतो. मूर्तिजापूरसारख्या, शेतमजुरीवर ज्याचे जीवन अवलंबून आहे अशा तालुक्यात या गैरसमजाची किंमत डोळ्यांनी मोजावी लागते. म्हणून ओझोन थराच्या ऱ्हासाचे जे परिणाम पाठ्यपुस्तकांतून सांगितले जातात, त्यांपैकी आपल्या भूभागाला नेमके कोणते लागू पडतात आणि कोणते पडत नाहीत, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

ओझोन थराचे स्वरूप

ओझोन म्हणजे ऑक्सिजनच्या तीन अणूंनी बनलेला रेणू होय. वातावरणातील सुमारे ९० टक्के ओझोन भूपृष्ठापासून साधारणतः १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरील स्थितांबरात असतो व उरलेला तपांबरात, म्हणजे आपण ज्यात श्वास घेतो त्या हवेत असतो. 'थर' या शब्दामुळे एखादे जाड पांघरूण डोळ्यांसमोर येते. वस्तुतः हा वायू इतका विरळ आहे की आकाशातील सर्व ओझोन शून्य अंश तापमानाला व समुद्रसपाटीच्या दाबाला आणून भूपृष्ठावर पसरला, तर त्याची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर भरेल. याच कल्पनेवर डॉबसन हे एकक आधारलेले असून १०० डॉबसन एकके म्हणजे एक मिलिमीटर जाडी होय.

सूर्याच्या अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन गट पाडतात. २८० नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीचे 'क' किरण ओझोन व ऑक्सिजन यांच्याकडून पूर्णपणे शोषले जातात. २८० ते ३१५ नॅनोमीटरचे 'ब' किरण बहुतांशी शोषले जातात, पण काही अंश खाली पोहोचतो. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे 'अ' किरण ओझोनला फारसे न जुमानता खाली येतात. ओझोन कमी झाल्याचा परिणाम मुख्यतः 'ब' गटावर होतो. ओझोनमध्ये एक टक्का घट झाली असता त्वचा लाल करणाऱ्या अतिनील किरणांमध्ये एक टक्क्याहून थोडी अधिक वाढ होते, असे गणित आहे.

या थराच्या मोजमापात भारताचा सहभाग बराच जुना आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ डॉबसन यांनी १९२८ च्या सुमारास जगभर आपली उपकरणे पाठविली, त्यांपैकी एक कोडाईकॅनालला आले होते. पुढे के. आर. रामनाथन यांनी अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत हे संशोधन वाढविले आणि आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्षपदही भूषविले. महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचे नाव अण्णा मणी यांचे आहे. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या आणि फुग्याबरोबर आकाशात जाऊन उंचीनुसार ओझोन मोजणारे भारतीय बनावटीचे उपकरण त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९६० च्या दशकात सिद्ध झाले. आपल्या विद्यार्थ्यांना मोलिना व रोलँड ही नावे पाठ असतात, अण्णा मणी यांचे नाव मात्र क्वचितच ठाऊक असते, ही खेदाची बाब आहे.

छिद्र कोठे व कसे पडले

१९७४ मध्ये मारिओ मोलिना व शेरवूड रोलँड यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजेच सीएफसी, या अत्यंत स्थिर वायूंचे रेणू स्थितांबरात पोहोचल्यावर फुटतात व त्यांतून मुक्त झालेला क्लोरीन ओझोनचे विघटन करतो, असे मांडले. क्लोरीनचा अणू या प्रक्रियेत स्वतः खर्ची पडत नाही, त्यामुळे एक अणू हजारो ओझोन रेणू नष्ट करू शकतो. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर व शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनमध्ये वसंत ऋतूत प्रचंड घट होत असल्याचे दाखवून दिले. मोलिना, रोलँड व पॉल क्रुटझेन यांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे छिद्र अंटार्क्टिकावरच का पडले, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावयास हवा, पण तो फारसा विचारला जात नाही. सीएफसी तर बहुतांशी उत्तर गोलार्धात वापरले गेले. याचे उत्तर थंडीत आहे. दक्षिण ध्रुवावरील दीर्घ रात्रीत स्थितांबराचे तापमान उणे ७८ अंशांखाली जाते, तेथे बर्फकणांचे विशिष्ट ढग तयार होतात आणि त्या कणांच्या पृष्ठभागावर निष्क्रिय क्लोरीन सक्रिय रूपात येतो. सप्टेंबरमध्ये सूर्य उगवताच संहार सुरू होतो. २२० डॉबसन एककांखालील क्षेत्राला छिद्र म्हणतात, आणि ऑक्टोबरमध्ये काही वर्षी तेथील आकडा १०० च्या आसपास आला आहे. म्हणजे पृथ्वीवरील सर्वांत मोठा ओझोन-ऱ्हास पृथ्वीवरील सर्वांत थंड प्रदेशावर होतो. ओझोन गेल्याने उष्मा वाढतो असे मानणाऱ्यास एवढे एकच उदाहरण पुरेसे ठरावे.

वऱ्हाडच्या आकाशातील ओझोन

मूर्तिजापूर सुमारे २०.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे उष्णकटिबंधात आहे. येथील आकाशात निसर्गतःच ओझोन कमी असतो व तो वर्षभर साधारणतः २४० ते २९० डॉबसन एककांच्या दरम्यान राहतो. ओझोन तयार होतो तो प्रामुख्याने विषुववृत्तीय प्रदेशावर, कारण तेथे सूर्य तीव्र आहे, परंतु स्थितांबरातील संथ अभिसरण त्याला ध्रुवांकडे वाहून नेते. पिकते एकीकडे आणि साठते दुसरीकडे, असा हा प्रकार आहे.

या नैसर्गिक तुटीला ऱ्हास म्हणता येत नाही. १९९७ ते २००१ या काळातील सरासरी १९८० पूर्वीच्या पातळीशी ताडून पाहता उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत सुमारे ३ टक्के व दक्षिण गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत सुमारे ६ टक्के घट आढळली. उष्णकटिबंधात मात्र एकूण ओझोनमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. स्थितांबराच्या खालच्या भागात येथे थोडी घट दिसते व तपांबरात थोडी वाढ दिसते, एवढा बारकावा येथे नोंदवावयास हवा. जुलै २०२२ मध्ये उष्णकटिबंधावर अंटार्क्टिकाच्या छिद्रापेक्षा सातपट मोठे छिद्र सापडल्याचा दावा एका शोधनिबंधात केला गेला व जगभरच्या वृत्तपत्रांनी तो ठळकपणे छापला. या क्षेत्रातील जाणकारांनी त्यातील विदा व पद्धत दोन्ही अमान्य केले. खंडन मात्र दाव्याइतके गाजले नाही, त्यामुळे तो आकडा प्रकल्प-अहवालांत येत राहण्याची शक्यता आहे. तो तपासणाऱ्या प्राध्यापकाने सावध असावे.

मग येथील अतिनील किरणांची तीव्रता कशामुळे? याचे मुख्य उत्तर सूर्याच्या उंचीत आहे. मूर्तिजापूरवर सूर्य वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या २४ तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या २० तारखेच्या आसपास, मध्यान्ही थेट डोक्यावर येतो व सावली पायाखाली लोपते. किरणांना तेव्हा ओझोनचा थर सरळ, म्हणजे कमीत कमी जाडीतून ओलांडावा लागतो. अगदी २२ डिसेंबरलाही येथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर असतो. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर अतिनील किरण जपण्याइतके तीव्र आहेत, असा एक सोपा ठोकताळा आहे. त्यानुसार पाहता वऱ्हाडात वर्षाचा एकही निरभ्र दिवस असा नाही की ज्या दिवशी मध्यान्हीच्या सुमारास ही अट पूर्ण होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिनील निर्देशांकात ११ व त्यापुढील पातळी अत्यंतिक समजली जाते, आणि उष्णकटिबंधात उन्हाळ्यातील निरभ्र मध्यान्ही ती सहज गाठली जाते.

उष्णता आणि अतिनील किरण यांचा संबंध किती सैल आहे, हे पाहण्यास चिखलदऱ्याचे उदाहरण बोलके आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवरील हे ठिकाण मे महिन्यातही सुखद असते, म्हणून अमरावती-अकोल्याचे लोक तेथे जातात. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, म्हणजे तेथील थंड हवेत ते खालच्या तापलेल्या मैदानाहून अधिक असतात. कातडीला ऊब जाणवते ती दृश्य व अवरक्त किरणांची. अतिनील किरणांची जाणीव करून देणारे इंद्रिय माणसाला नाही.

मानवी आरोग्यावरील परिणाम

पाठ्यपुस्तकांतून या संदर्भात पहिला उल्लेख त्वचेच्या कर्करोगाचा येतो. ऑस्ट्रेलियात त्याचे प्रमाण जगात सर्वाधिक असल्याचे सांगून त्याचा संबंध थेट ओझोनच्या छिद्राशी जोडला जातो. हा संबंध जपून मांडावयास हवा. तेथील प्रमाणाचे मोठे कारण असे की उत्तर युरोपातील थंड, ढगाळ हवामानाला साजेशी गोरी त्वचा घेऊन आलेले लोक तीव्र सूर्याखाली स्थायिक झाले. भारतीय त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य बऱ्याच प्रमाणात संरक्षण देते, त्यामुळे आपल्याकडे हा कर्करोग तुलनेने दुर्मीळ आहे. अपवाद आहेत ते अशा व्यक्तींचे, ज्यांच्या त्वचेला हे संरक्षण नाही. जन्मजात वर्णहीनता असणारे लोक आणि कोड असणारे लोक यांची त्वचा उन्हात लवकर भाजते. कोडाबद्दल आपल्या समाजात लाज आहे, औषधोपचाराची धडपडही आहे, परंतु पांढऱ्या चट्ट्यांना उन्हापासून जपावे हा साधा सल्ला त्या मानाने क्वचित दिला जातो.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र त्वचेचा रंग फारसा कामी येत नाही. येथेच वऱ्हाडच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार ५० वर्षांवरील व्यक्तींमधील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आहे. मोतीबिंदूची कारणे अनेक आहेत : वय, मधुमेह, तंबाखू, कुपोषण, आनुवंशिकता. त्यांत अतिनील 'ब' किरणांचाही वाटा आहे. अमेरिकेच्या चेसापीक उपसागरातील ८३८ मच्छीमारांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यभरात डोळ्यांवर पडलेल्या अतिनील 'ब' किरणांची मात्रा दुप्पट असेल तर नेत्रभिंगाच्या बाह्य भागातील मोतीबिंदूचा धोका १.६ पट होतो, असे त्यात आढळले. सर्वच प्रकारच्या मोतीबिंदूंना हे लागू नाही, हे ध्यानात घ्यावे. बुबुळाकडे सरकणारी मांसल वाढ, जिला टेरिजियम म्हणतात, तिचाही उन्हातील कामाशी निकटचा संबंध आहे.

हा धोका आपल्या शेतातील कोणत्या ऋतूत अधिक असतो, याचा विचार केला तर उत्तर अनपेक्षित येते. मे महिन्यात उष्णता स्वतःच माणसाला सावलीत बसविते. शेतीची कामे सकाळी लवकर उरकतात, दुपारी रस्ते ओस पडतात. दिवसभरातील अतिनील किरणांपैकी सुमारे ६० टक्के किरण सकाळी १० ते दुपारी २ या चार तासांत खाली येतात, आणि नेमके तेच तास मे महिन्यात टाळले जातात. जून उलटला की चित्र बदलते. निंदणीला, खत द्यायला, पुढे सोयाबीनच्या सोंगणीला आणि कापसाच्या वेचणीला मजूर स्त्रिया दिवसभर शेतात असतात. पावसाळ्यात ढग असतात हे खरे, पण पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग आरपार येतो आणि उघाड मिळाली की जुलैचा सूर्य थेट माथ्यावर असतो. ऑक्टोबरच्या आरंभी आकाश स्वच्छ होते, मध्यान्हीचा सूर्य अजून ६४ अंशांच्या आसपास असतो आणि हवा सुसह्य असल्याने कोणी काम थांबवीत नाही. डोळ्यांवरील वार्षिक भाराचा मोठा हिस्सा अशा रीतीने उन्हाळ्याबाहेरच्या, 'ऊन काही विशेष नाही' असे वाटणाऱ्या महिन्यांत जमा होत असला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पश्चिम विदर्भातील शेतमजूर स्त्रियांमध्ये याची प्रत्यक्ष मोजणी होणे अगत्याचे आहे.

डोक्यावरचा पदर किंवा दुपट्टा माथा व मान झाकतो, परंतु डोळ्यांवर छाया धरत नाही. रुंद काठाची टोपी ते काम बऱ्यापैकी करते. आपली काळी जमीन अतिनील किरण फारच थोडे परावर्तित करते, वाळू वा पाण्याप्रमाणे ते खालून डोळ्यांत येत नाहीत. त्यामुळे येथे वरून धरलेली छाया अधिक परिणामकारक ठरावी. वेचणी करणाऱ्या स्त्रिया अशी टोपी घालतील काय, हा प्रश्न नेत्रशास्त्राचा नसून समाजशास्त्राचा आहे आणि आपल्या महाविद्यालयांतील समाजशास्त्र व गृहअर्थशास्त्र विभागांनी तो हाती घेण्याजोगा आहे.

नाण्याची दुसरी बाजूही सांगणे आवश्यक आहे. हेच 'ब' किरण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करतात. भरपूर ऊन असलेल्या आपल्या देशात या जीवनसत्त्वाची कमतरता व्यापक आहे, विशेषतः शहरात, घरात व कार्यालयात दिवस काढणाऱ्यांमध्ये. प्राध्यापकवर्गाचा समावेश बहुधा याच गटात होतो! अतिनील किरणांमुळे त्वचेतील रोगप्रतिकारक यंत्रणा तात्पुरती मंदावते, ओठांवरील नागिणीसारखे सुप्त विषाणू उन्हानंतर जागे होतात. तात्पर्य, बाहेर राबणाऱ्यास छाया हवी आणि आत बसणाऱ्यास थोडे ऊन हवे. दोघांना एकच सल्ला देऊन चालत नाही.

उष्माघाताचा या साऱ्याशी संबंध नाही. तो शरीराच्या तापमान-नियंत्रणाचा बिघाड आहे व ओझोनचा थर शाबूत असतानाही होतो.

वनस्पती, जलचर व साहित्य यांवरील परिणाम

अतिनील 'ब' किरण वाढले असता पिकांचे काय होते, याचे प्रयोग सर्वाधिक झाले ते सोयाबीनवर. अमेरिकेत टेरामुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ टक्के ओझोन-ऱ्हास गृहीत धरून सहा वर्षे शेतात प्रयोग केले. 'एसेक्स' या वाणाचे उत्पादन घटले, 'विल्यम्स' या वाणाने मात्र चांगला तग धरला. एकाच पिकाच्या दोन वाणांत एवढी तफावत असल्याने 'पिकांवर विपरीत परिणाम होतो' हे सरधोपट वाक्य अपुरे ठरते. सागरी वनस्पती-प्लवकांबाबत अंटार्क्टिकाच्या हिमकिनारी १९९० च्या सुमारास प्रत्यक्ष मोजणी झाली असून छिद्राखाली त्यांच्या अन्ननिर्मितीत ६ ते १२ टक्के घट आढळली.

प्लॅस्टिकवरील परिणाम दाखविण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. शेतातील ठिबकच्या नळ्या काळ्या असतात, कारण त्यांत मिसळलेली काजळी अतिनील किरण शोषून घेते. काजळी अथवा अन्य संरक्षक द्रव्य नसलेली ताडपत्री दोन उन्हाळ्यांत फाटते.

जमिनीलगतचा ओझोन

ज्या ओझोनने वऱ्हाडच्या पिकांचे प्रत्यक्ष नुकसान होते, तो आकाशातील कमी झालेला ओझोन नसून जमिनीलगत वाढलेला ओझोन आहे. वाहने, औष्णिक वीज केंद्रे व जाळलेला काडीकचरा यांतून नायट्रोजनचे ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड व बाष्पनशील सेंद्रिय संयुगे बाहेर पडतात आणि सूर्यप्रकाशात त्यांची अभिक्रिया होऊन ओझोन तयार होतो. मूर्तिजापुरातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग, जिल्ह्यातील पारसचे ५०० मेगावॅटचे वीज केंद्र आणि हंगामाअखेर बांधावर पेटविलेल्या पऱ्हाट्या हे सर्व या प्रक्रियेला कच्चा माल पुरवितात. उगमाजवळ नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो, म्हणून शहराच्या चौकापेक्षा वाऱ्याच्या दिशेला असलेल्या खेड्यात ओझोन अधिक आढळू शकतो. धूर एकाचा आणि नुकसान दुसऱ्याचे, असा हा व्यवहार आहे.

हा वायू पानाच्या रंध्रांतून आत शिरतो, प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि पान अकाली म्हातारे होते. शेतकऱ्याच्या नजरेला हे नुकसान वेगळे दिसत नाही. उतारा थोडा कमी आला एवढेच त्याला कळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील सचिन घुडे व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गहू, तांदूळ, कापूस व सोयाबीन या चार पिकांचा विचार केला. २००५ या वर्षी ओझोनमुळे देशात सुमारे ३५ लाख टन गहू व २१ लाख टन तांदूळ यांची हानी झाली असावी व एवढ्या धान्यात सुमारे ९ कोटी ४० लाख लोकांची गरज भागली असती, असा त्यांचा अंदाज आहे. प्रतिमानावर आधारलेले हे आकडे अंदाजच होत, परंतु त्यांची व्याप्ती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

भारतात जमिनीलगतचा ओझोन पावसाळ्यात सर्वांत कमी असतो व हिवाळा ते उन्हाळा या काळात वाढतो. त्यामुळे सोयाबीनचा बराचसा जीवनकाळ तुलनेने सुरक्षित जातो आणि नंतरच्या वेचण्यांचा कापूस व रब्बीचा गहू अधिक सापडतो. श्वसनमार्गावरही या वायूचा विपरीत परिणाम होतो, दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढतो. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार आठ तासांची सरासरी घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. 'ओझोन वाचवा' अशी घोषणा फलकावर लिहिताना कोणता ओझोन, हे लिहिणाऱ्याने स्वतःला विचारावे.

टळलेली आपत्ती

ओझोनचे छिद्र वऱ्हाडवर नव्हते म्हणून मॉन्ट्रियल करार आपल्या कामाचा नव्हता, असे मात्र नाही. १६ सप्टेंबर १९८७ रोजी हा करार झाला व भारत त्यात जून १९९२ मध्ये सामील झाला. हा करार झालाच नसता तर काय घडले असते, याचे प्रतिमान नासाचे पॉल न्यूमन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडले. त्यानुसार २०६५ पर्यंत जगातील दोनतृतीयांश ओझोन नष्ट झाला असता आणि मध्य अक्षांशांतील शहरांत पाच मिनिटांत त्वचा भाजली असती. त्या जगात उष्णकटिबंधावरील ओझोनही ढासळला असता. ज्या भूभागात सूर्य आधीच माथ्यावर आहे व ओझोन आधीच बेताचा आहे, तेथे दुपारी शेतात उभे राहणे अशक्यप्राय झाले असते. २०२१ मधील आणखी एका अभ्यासानुसार वनस्पतींच्या हानीमुळे शतकाअखेर ५८० अब्ज टन कार्बन वनस्पती व मातीत साठविला गेला नसता, आणि सीएफसींचा स्वतःचा उष्मावर्धक परिणाम धरता पृथ्वीचे तापमान सुमारे २.५ अंशांनी अधिक वाढले असते.

विदर्भाच्या उन्हाळ्याबद्दलच्या त्या प्रचलित विधानात सत्याचा अंश असेल तर तो येथे आहे. ओझोन विरळ झाल्याने उष्मा वाढत नाही, परंतु ओझोन विरळ करणारे वायू हेच अतिशय प्रभावी हरितगृह वायू आहेत. सीएफसी-१२ चा एक किलो, शंभर वर्षांच्या हिशेबाने, सुमारे दहा हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतका उष्मा धरून ठेवतो.

जागतिक हवामान संघटना व संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांच्या २०२२ च्या मूल्यमापनानुसार सध्याची धोरणे टिकली तर ओझोनची १९८० ची पातळी अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास, आर्क्टिकवर २०४५ च्या व उर्वरित जगात २०४० च्या सुमारास परत येईल.

शीतपेटीपासून युरियापर्यंत

भारताने ओझोन-ऱ्हासकारक पदार्थ नियम २००० मध्ये लागू केले आणि १ जानेवारी २०१० पासून सीएफसी, हॅलॉन व कार्बन टेट्राक्लोराइड यांचा नियंत्रित वापर थांबविला. त्यांच्या जागी आलेल्या एचसीएफसी गटातील १४१-ब या फेसकारी द्रव्याचा वापर १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. याच गटातील २२ क्रमांकाचा वायू, जो मेकॅनिकच्या भाषेत 'आर-बावीस' आहे, नव्या उपकरणांतून गेला असला तरी जुन्या वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीसाठी अद्याप लागतो. पुढच्या एचएफसी वायूंमुळे ओझोनला धोका नाही, परंतु तापमानवाढीला आहे. म्हणून २०१६ चा किगाली करार झाला, भारताने त्यास २०२१ मध्ये मान्यता दिली आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात स्वीकारली.

या कायद्यांचे शेवटचे टोक मूर्तिजापूरच्या फ्रीज-दुरुस्तीच्या दुकानात आहे. यंत्र उघडताना उरलेला वायू हवेत सोडणे सोपे व फुकट आहे, तो सिलिंडरमध्ये परत ओढून घेण्यास यंत्र व वेळ लागतो. प्रशिक्षित कारागीर व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे अभ्यासक्रम यांवर या कराराचे यश तालुका पातळीवर अवलंबून आहे. वऱ्हाडातील घरोघरचा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मात्र केवळ पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, त्यात कोणताही वायू भरलेला नसतो. पाणी असेपर्यंत या कोरड्या हवेत त्याहून निर्दोष साधन नाही.

शेवटी एका अशा वायूचा उल्लेख करावयास हवा, जो मॉन्ट्रियल करारात नाही. तो म्हणजे नायट्रस ऑक्साइड. भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ ए. आर. रविशंकर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की सीएफसी आटोक्यात आल्यानंतर आज मानवाकडून सोडल्या जाणाऱ्या वायूंपैकी ओझोनचा सर्वाधिक ऱ्हास हाच वायू करतो. त्याचा मानवनिर्मित मोठा स्रोत शेतजमीन आहे. पिकाने न उचललेल्या नत्राचे मातीतील जिवाणू रूपांतर करतात व त्याचा काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. ओल्या, निचरा न होणाऱ्या भारी जमिनीत ही क्रिया अधिक चालते, आणि पावसाळ्यातील पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन नेमकी तशी आहे. कपाशीला एकदम टाकलेल्या युरियाऐवजी तो विभागून देणे, फेरपालटात स्वतःचे नत्र स्वतः मिळविणारी सोयाबीन, तूर व हरभरा ही पिके ठेवणे, आणि २०१५ पासून सक्तीचे झालेले निंबोळीयुक्त युरियाचे लेपन, जे नत्राचे रूपांतर मंदावते, यांचा संबंध त्यामुळे केवळ शेतकऱ्याच्या खर्चाशी राहत नाही. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी शेती आहे. घरच्या शेतात एकरी किती युरिया, कोणत्या दिवशी व किती हप्त्यांत पडला आणि त्यानंतर किती पाऊस झाला, एवढी नोंद एका हंगामात ठेवणे कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला शक्य आहे, आणि पुस्तकातून उतरवून काढलेल्या ओझोनवरील प्रकल्पापेक्षा तो अहवाल तपासणाऱ्यालाही काही नवे सांगेल.